वेलिचकाबाई आणि एका भाषेचं निधनपत्रक

त्या वसंतात आमच्या बंदरगल्लीत बातमी फिरली की वेलिचका तोमोवाचा इटालियन यार वारला.

बातमी आणली त्सोनकाने. पावाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडता फोडता तिने ती साऱ्या गल्लीला वाटली. वाचनगृहाच्या दारावर निधनपत्रक लागलंय, नाव साल्चानी, आणि ते वेलिचकाने स्वतःच्या हाताने चिकटवलंय. "साल्चानी म्हणजे इटालियनच," त्सोनका म्हणाली. "बोटीवर आचारी असणार. म्हणून तर बाई गुरुवारी केस धुते!" पत्रकावर माणसाचा फोटो नव्हता, नदीतल्या एका बेटाचं जुनं चित्र होतं. "फोटो कसा लावेल? बायको-पोरं असतील त्याची तिकडे." आणि पत्रकाखाली डब्यात दर गुरुवारी दोन ताजी कार्नेशनची फुलं दिसायची. मेलेल्याला सम फुलं, जित्याला विषम, हे आमच्या लोममध्ये, डॅन्यूबकाठच्या या बल्गेरियन गावात, पोर चालायच्या आधी शिकतं. म्हणजे माणूस मेला हे नक्की आणि कुणीतरी त्याच्यासाठी झुरतंय हेही नक्की. एकसष्ट वर्षांची अविवाहित बाई सापडल्यावर गल्लीला आणखी काय हवं?

पण पत्रक कुणी नीट वाचलंच नव्हतं. मेली होती ती एक भाषा.

वाचनगृहात दर गुरुवारी दुपारी भाषाप्रेमी मंडळ जमतं. मंडळ म्हणजे चार माणसं आणि एक शेगडी. दातांचे डॉक्टर एफ्तिम फिनिश शिकतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. आर्मेनियन ताकुहीबाई कॉफी करतात आणि सगळ्यांच्या उच्चारांना नाकं मुरडतात. जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचे निवृत्त सुकाणूवाले दाम्यान शेगडीजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून बसतात, आणि काहीही विचारलं तरी "चालेल" म्हणतात. आणि वेलिचका, वाचनगृहाची ग्रंथपाल. तिला बल्गेरियन सोडून एकच भाषा अर्धीमुर्धी येते, शाळेतली रशियन. पण जगातल्या भाषांवरचे संदर्भग्रंथ निवडण्याचं काम तिचं, आणि त्यात तिच्या शब्दाबाहेर डॉक्टरसुद्धा जात नाहीत.

जगातल्या भाषांसाठी वाचनगृहाने फळी दिलीय एकच, खिडकीखालची. त्यामुळे नियम असा, की एक ग्रंथ आत आला की एक बाहेर जाणार. वेलिचकाचं निवडणं म्हणजे मुलगी बघण्याहून कडक. दुकानदाराकडून ग्रंथ ती आधी घरी मुक्कामाला आणते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिरचीच्या बरणीशेजारी त्याची जागा. पहिल्या पानापासून ती कधीच सुरुवात करत नाही. मागून उघडते, सूचीपासून. "पुढच्या दारी सगळेच झाडून ठेवतात," ती म्हणते, "घर कसं आहे ते परसात कळतं." मग ती त्याला मांडीवर घेऊन बसते. जो ग्रंथ मांडीवर मावत नाही तो फक्त पाहुण्यांना दाखवायचा असतो. मग आर्मेनियनचं प्रकरण ताकुहीबाईंकडे जातं, फिनिशचं डॉक्टरांकडे. आमच्या घरचं खोटं लिहिणारा दुसऱ्याच्या घरचं खरं कशाला लिहील? सगळ्यात शेवटची परीक्षा तिची स्वतःची. ग्रंथात कुठेतरी 'माहीत नाही' असं लिहिलेलं सापडलं पाहिजे. साऱ्या जगाच्या भाषा सांगायला निघालेला माणूस एकदाही 'माहीत नाही' म्हणत नसेल, तर तो प्रत्येक टरबूज गोडच सांगणारा बाजारातला टरबूजवाला आहे, असं तिचं मत.

त्या हिवाळ्यात मात्र बाई भाळली.

ग्रंथ देखणाच होता. जाडजूड तरी मांडीवर मावणारा, नकाशे असे की बोट ठेवलं तर ओलं होईल असं वाटावं, सूची इतकी काटेकोर की डॉक्टरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. शिवाय प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून एकेक वाक्य, उच्चारासकट. ताकुहीबाईंनी आर्मेनियनवर नाक मुरडायला जागा शोधली, मिळाली नाही, आणि त्या त्यावरूनच रुसल्या. 'माहीत नाही' कुठे आहे ते वेलिचकाने शोधलं. सापडलं नाही. दुसऱ्यांदा तिने शोधलंच नाही.

"घ्यायचा का, दाम्यान?" तिने विचारलं.

"चालेल."

"तुम्हाला न चालणारं काही आहे का हो जगात?"

"बोट," दाम्यान म्हणाले. "गाळात रुतलेली."

ग्रंथ फळीवर आला. बाहेर जायची पाळी एका जुन्या, बारीक टाइपाच्या, पाठीवरून सोललेल्या पुस्तकाची होती. बाहेर काढण्याआधी वेलिचकाने दोघांची गाठ घालून दिली, जुनं डाव्या हाताला, नवं उजव्या हाताला. नव्यात काही भाषांपुढे बारीकसा क्रूस होता. त्या मेल्या होत्या. बहुतेक दूरदूरच्या; वेलिचकाने प्रत्येकीसाठी उसासा सोडला आणि पान उलटलं. मग एक क्रूस आपल्याच नदीवर निघाला. साल्चानी, डॅन्यूबमधल्या साल्चा बेटावरच्या नावाड्यांची भाषा; धरणाच्या पाण्यात बेट गेलं, माणसं पांगली, शेवटचा बोलणारा वारला. जुन्या पुस्तकात त्याच भाषेपुढे एवढंच होतं, 'बोलणारे किती, कळले नाही.' वेलिचकाला ते अडाण्यासारखं वाटलं. नव्याला तर तारीखसुद्धा ठाऊक होती.

गुरुवारी तिने मंडळापुढे विषय काढला. "शेजारीण मेली आणि आपण दाराला कागदही लावला नाही. ही कुठली रीत?"

"भाषेचं निधनपत्रक?" डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या कुत्र्याचं लावलं होतंत ना? मग?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. ताकुहीबाई म्हणाल्या, आमच्याकडे असं लावायला लागलो तर भिंती पुरायच्या नाहीत, पण लावा. दाम्यान शेगडीतल्या जाळाकडे बघत होते. त्यांचं 'चालेल' त्या दिवशी जरा उशिरा आलं, पण आलं. छापखानेवाल्याने वेलिचकाला आडनाव विचारलं, वय विचारलं, फोटो मागितला. तिने बेटाचं चित्र दिलं. मजकूर नेहमीचाच: खोल दुःखाने कळवतो की आमची शेजारीण साल्चानी आता आमच्यात नाही. शोकाकुल, भाषाप्रेमी मंडळ. आता 'शोकाकुल'च्या पुढे त्सोनकाने कधी काही वाचलंय?

फुलं वेलिचकाला ताकुहीबाईंची वाटत होती. ताकुहीबाईंना वेलिचकाची.

पत्रक लागल्यापासूनचा चाळिसावा दिवस, मेलेल्याला निरोप द्यायचा, गुरुवारीच आला. वेलिचकाने रीतीप्रमाणे गहू शिजवला, साखर, अक्रोड घातले, वर दालचिनी भुरभुरली. वाचनगृहाच्या टेबलावर कागदी द्रोण मांडले. गहू आहे म्हटल्यावर त्सोनकाही आली, काळा रुमाल बांधून. दारातच तिने वेलिचकाला मिठी मारली.

"धीर धर गं बाई. पुरुष काय, येतात आणि जातात."

"कोण पुरुष?"

"मला सांगू नकोस. मी कुणाला बोलत नाही."

"ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, त्सोनके. बस आणि गहू खा."

ठरलं असं होतं, की निरोपाचे दोन शब्द ज्याने त्याने आपापल्या भाषेत बोलायचे. डॉक्टर फिनिशमध्ये बोलले. फिनलंडचा कुणी जवळपास नसल्याने सगळ्यांनी ते फिनिशच धरलं. ताकुहीबाईंनी आर्मेनियनमध्ये प्रार्थना म्हटली आणि ती म्हणता म्हणता स्वतःच्याच कुणाच्या तरी आठवणीने त्यांचा आवाज भरून आला. दाम्यानांनी मान हलवून नको म्हटलं. मग वेलिचका उठली. तिच्या हातात नवा ग्रंथ होता. साल्चानीचं जे एकुलतं एक वाक्य त्यात छापलं होतं, ते तिने पाठ केलं होतं. आठवडाभर भांडी घासताना ती ते पुटपुटत होती. मेलेल्याच्या तोंडचं एक तरी वाक्य घरात घुमावं, एवढीच तिची इच्छा.

वाक्य साधंच होतं. अर्थ खाली दिलेला: काठावर कुणी आहे का?

तिने ते म्हटलं. ग्रंथात लिहिलं होतं की पहिला शब्द लांब ओढायचा, पाण्यावरून जाईल इतका. म्हणून तिने ओढला. खिडक्या हलल्या. त्सोनकाने द्रोण खाली ठेवला.

आणि शेगडीजवळून उत्तर आलं.

तेवढंच लांब, तेवढंच ओढलेलं, पण सुरात. दाम्यानांच्या बसक्या आवाजात असा सूर असेल हे कुणाला माहीत नव्हतं. उत्तर संपलं आणि त्यांनी स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला, चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा.

डॉक्टरांनी वेलिचकाच्या हातातल्या पानात डोकं घातलं. "हे पुढचं कुठे आहे यात?"

"यात नाही," वेलिचका म्हणाली. "यात फक्त हाक आहे."

सगळे शेगडीकडे वळले. दाम्यान टोपी पिळत होते.

"माफ करा," ते म्हणाले. "ही हाक बिनउत्तराची सोडायची नसते. धुकं असलं म्हणजे काठ दिसत नाही. हाकेला आवाज आला, तर त्या आवाजाच्या रोखाने होडी काठाला लावतात. माझी आई कालवण ढवळता ढवळता द्यायची उत्तर. झोपेतसुद्धा द्यायची. मला... थांबवता नाही आलं."

"उत्तर काय दिलंत?" ताकुहीबाईंनी हळूच विचारलं.

"आहे मी. ये."

वेलिचकाने ग्रंथ टेबलावर ठेवला. आधी तिचा चेहरा पांढरा झाला, मग लाल.

"अरे, इतकी वर्षं तू त्या खुर्चीत बसतोस! आम्ही फिनिश ऐकलं, आर्मेनियन ऐकलं, या डॉक्टरांनी एकदा हवाईयन सुरू केली होती तीही सोसली. आणि तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस? मी दाराला कागद लावला, तुझ्यासमोर! तू 'चालेल' म्हणालास! आणि गहू? गहू खाल्लास तू!"

रागाच्या भरात ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, हे तिच्या लक्षात आलं नाही. त्सोनकाच्या आलं.

"चांगला झाला होता," दाम्यान म्हणाले.

"दाम्यान!"

"काय बोलणार होतो, वेलिचका? कुणाशी? बहीण होती विदिनला, तोवर आम्ही फोनवर बोलायचो. ती गेली. दोघं असली तर भाषा. एकट्याचा तो नुसता खोकला." टोपीची पार दोरी झाली होती. "बहीण गेली तेव्हा मी तिचं पत्रक लावलं. भाषेचं लावायला पाहिजे, हे मला सुचलंच नाही. तुला सुचलं. दारावर बघितलं, आणि मला बरं वाटलं गं. म्हटलं, कुणीतरी रीतीने केलं. मग फुलं मी आणायला लागलो."

शेगडीत एक लाकूड खचलं. ताकुहीबाईंनी उठून उगाचच कॉफीचं भांडं पुसलं.

वेलिचका दाराबाहेर गेली. निधनपत्रकाचा डिंक चांगलाच बसला होता. ती नखांनी खरवडत राहिली, मग आत येऊन गहू ढवळायचा चमचा घेऊन गेली. कागद तुकड्या-तुकड्यांनी निघाला. बेटाचं चित्र तेवढं तिने सांभाळून काढलं. मग डब्यातल्या दोन कार्नेशनपैकी एक उपसलं. राहिलेल्या एका फुलाचा डबा तिने आत आणून दाम्यानांच्या खुर्चीशेजारी, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. काढलेलं फूल कुठे ठेवावं ते तिला सुचेना, म्हणून तिने ते स्वतःच्या स्वेटरच्या काजात खोवलं.

ताकुहीबाईंनी डब्याकडे बघितलं, मग दाम्यानांकडे, आणि डोळे टिपले. एक फूल. जित्याचं.

पण वेलिचकाचं दुःख संपलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिने निवडलेल्या ग्रंथाने कधी तिला तोंडघशी पाडलं नव्हतं. या वेळी तिने जिवंत माणसाला गाडणारा ग्रंथ निवडला होता, तोही 'माहीत नाही'ची परीक्षा गिळून, सूचीवर आणि नकाशांवर भाळून. पुढच्या गुरुवारी ग्रंथ कागदात गुंडाळून, सुतळी बांधून तिने टेबलावर ठेवला.

"मी निवडला. मीच परत करते. आणि यापुढे निवडायचं काम डॉक्टरांनी करावं."

"मी?" डॉक्टर घाबरले. "वेलिचकाताई, मला तर सगळेच ग्रंथ आवडतात!"

"म्हणूनच तुमच्याकडे अजून ती हवाईयनची सीडी आहे," ताकुहीबाई म्हणाल्या. "नाही. निवडायची तर वेलिचकानेच. पण हा ग्रंथ जाऊ दे. माझ्या आर्मेनियनमध्ये एक चूक काढू देईल तर शपथ."

"मत घेऊ या," डॉक्टर म्हणाले. "परत करायचा? हात वर."

डॉक्टरांचा, ताकुहीबाईंचा, वेलिचकाचा, असे हात वर झाले. दाम्यानांना कुणी विचारलंच नाही. त्यांचं 'चालेल' गृहीतच होतं.

"नाही चालणार," दाम्यान म्हणाले.

वेलिचकाचा वर गेलेला हात तसाच राहिला.

"नाही चालणार मला," त्यांनी पुन्हा सांगितलं, जणू स्वतःलाच ऐकवायला. "लिहिणाऱ्याने आम्हाला मारलं, ते चुकलं. पण ती हाक बरोबर लिहिलीय. पहिला शब्द किती ओढायचा तेसुद्धा. म्हणजे कुणीतरी कधीतरी आमच्या काठावर उभं राहून ऐकलंय. कदाचित माझ्या आईच्याच तोंडून. एवढ्या जगात ती आणखी कुठे छापलेली आहे, सांग मला? तू हा ग्रंथ निवडला नसतास, तर मी 'चालेल' म्हणत म्हणतच गेलो असतो."

त्यांच्या आयुष्यातलं ते बहुधा सगळ्यात लांब भाषण. नंतर ते दमून शेगडीत लाकूड सारत बसले.

वेलिचकाने सुतळीची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. दाम्यान उठले, दोन बोटांनी ती सोडवली. नावाड्याला गाठ म्हणजे काय. ग्रंथ फळीवर परत गेला. साल्चानीच्या पानावर, क्रूसाशेजारी, वेलिचकाने आपल्या गोल अक्षरात एक चिठ्ठी डकवली: 'वरील बातमी खोटी. भाषा जिवंत आहे. चौकशी गुरुवारी, शेगडीजवळची खुर्ची.' जुनं सोललेलं पुस्तकही तिने बाहेर काढलं नाही. 'कळले नाही' म्हणायची ज्याला लाज वाटली नाही, त्याला हाकलायचं तरी कुठल्या तोंडाने? एक आत, एक बाहेर हा नियम मोडला. फळीवर जागा नव्हती, तर दाम्यानांनी जुन्या होडीच्या फळकुटाची एक आखूड फळी करून खाली ठोकली. ती जराशी तिरकी आहे. पुस्तकं एका बाजूला घसरतात, पण कुणी ती सरळ करत नाही.

आता गुरुवारी मंडळात साल्चानी शिकतात. डॉक्टरांनी फिनिशला सध्या रजा दिलीय. ताकुहीबाई दाम्यानांच्या उच्चारालाही नाक मुरडून बघतात. मग लक्षात येतं की या भाषेत बरोबर उच्चार म्हणजे दाम्यान जो करतील तो, आणि नाइलाजाने गप्प बसतात. वेलिचकाला आता पुष्कळ वाक्यं येतात. त्यातली निम्मी मासे आणि गाळ यांच्याबद्दलची.

पण गल्लीला खरा आनंद दिलाय तो संध्याकाळच्या कार्यक्रमाने. वेलिचकाचा सज्जा रस्त्याच्या या बाजूला, दाम्यानांचा त्या बाजूला, जरा खाली. दिवे लागायच्या सुमाराला वेलिचका सज्जात येते, पहिला शब्द लांब ओढून हाक घालते. समोरून, कधी साबण लावलेल्या तोंडाने, कधी हातात कांदा घेऊन, पण न चुकता उत्तर येतं. मग कधी दाम्यान चीज भरलेल्या बानित्साची बशी घेऊन रस्ता ओलांडतात, कधी वेलिचका राकियाची बाटली घेऊन. कधी कुणीच ओलांडत नाही, नुसतं ऐकून दोघंही आत जातात.

त्सोनकाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. तिने आता सांगायला सुरुवात केली की इटालियन आचारी हा नुसता देखावा होता, खरा डाव पहिल्यापासून सुकाणूवाल्यावरच होता. एका संध्याकाळी तिने वेलिचकाला पावाच्या दुकानासमोर, भर बाकावर गाठलं. बाकावर तेव्हा अर्धी गल्ली होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

"वेलिचके," त्सोनका म्हणाली, "आता आमच्यापासून काय लपवायचं? या वयात रोज अख्ख्या रस्त्यावरून ओरडता एकमेकांना. खरं सांग, आहे का तुझं कुणी?"

वेलिचकाने पाव काखेत धरला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "वाचनगृहात ये आणि मोठ्या ग्रंथात बघ, त्सोनके. त्यात छापलंय, कुणी उरलेलं नाही. आणि तो ग्रंथ चुकलाय, हे तर साऱ्या गल्लीला ठाऊक आहे."